प्लँटेशनमधल्या राखीव जमिनीवर पुन्हा जंगल कसं आणायचं: पहिल्या पाहणीपासून दहाव्या वर्षापर्यंत

पाम तेल, रबर, चहा, कॉफी, निलगिरी, अकेशिया, उष्ण कटिबंधातलं कुठलंही मोठं प्लँटेशन घ्या, त्याच्या हद्दीत थोडी जमीन अशी असतेच जिथे पीक घ्यायचं नाही असं ठरलेलं असतं. ओढ्याचे काठ, उभे उतार, दलदल, मधेमधे उरलेले जंगलाचे तुकडे, आणि कधी जुनं पीक काढून संवर्धनासाठी सोडलेले पट्टे. नकाशावर हे सगळं हिरवं दिसतं पण प्रत्यक्ष गेलात तर बऱ्याच ठिकाणी छातीएवढं गवत, झाडांवर चढलेल्या वेली आणि चार जातींची तीच ती झाडं एवढंच असतं. अशा जागी जंगलातलं वैविध्य परत आणण्यासाठी काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, ते इथे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कामात झाडं लावणं ही पहिली पायरी नाही, ती बरीच नंतर येते. जंगलाला परत यायचंच असतं, त्याला काहीतरी अडवत असतं म्हणून ते येत नाही. आग अडवते, गवत अडवतं, बी आणणारा पक्षी उरलेला नसतो, पाणी उपसून टाकलेलं असतं. आपण आधी तो अडथळा शोधायचा आणि काढायचा, आणि जे आपोआप येऊच शकत नाही तेवढंच हाताने लावायचं. हा क्रम उलटा झाला की हजारो रोपं लागतात, फोटो निघतात आणि तिसऱ्या वर्षी तिथे पुन्हा गवत असतं.

पायरी १: जागेवर आधी काय आहे ते मोजा

इथे मूळचं जंगल होतं का, हे पहिलं तपासायचं. उष्ण कटिबंधात नैसर्गिक गवताळ प्रदेश, सडे, विरळ झाडांची माळरानं खूप आहेत आणि तिथे दाट झाडं लावणं म्हणजे तिथल्या वनस्पती-प्राण्यांचं नुकसानच. जुने नकाशे, जुने हवाई फोटो, आसपासच्या जाणत्या माणसांच्या आठवणी, जवळच्या शिल्लक जंगलाशी तुलना, यातून उत्तर मिळतं. या शिल्लक जंगलाला संदर्भ जंगल म्हणूया, ते तुमच्या जागेइतक्याच उंचीवरचं, तशाच मातीचं आणि तसाच पाऊस असलेलं पाहिजे. त्यात फिरून झाडांची यादी करा, ती पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे.

मग जागेवरची मोजणी. थायलंडमधल्या चियांग माई विद्यापीठाचा वन पुनरुज्जीवन गट १९९४ पासून या विषयात काम करतोय आणि त्यांची पाहणीची पद्धत कुणालाही जमण्यासारखी आहे. एक खुंट आणि ५ मीटर दोरी घ्यायची, जागेत निदान १० ठिकाणी खुंट रोवून दोरीने गोल फिरायचं आणि त्या वर्तुळात जंगली झाडांची ५० सेंटिमीटरहून उंच रोपं, मोठी झाडं आणि धुमारे फुटलेले जिवंत बुंधे किती आहेत ते मोजायचं. सोबत त्या कुठल्या जाती आहेत, गवत किती उंच आहे, आगीच्या खुणा, गुरांच्या खुणा, मातीची धूप, सगळं टिपून ठेवायचं. वर्तुळामागे सरासरी २५ किंवा जास्त आली तर हेक्टरी साधारण ३,१०० होतात आणि एवढी असतील तर सहसा वेगळी लागवड करावी लागत नाही, आहेत त्यांना वाढू दिलं की काम होतं. पंधरा-वीस आली तर फरक भरून काढायचा. दोन-तीनच आली तर पूर्ण लागवड लागणार. पण फक्त संख्या बघू नका. पंचवीसच्या पंचवीस एकाच जातीची असतील तर सावली होईल, वैविध्य होणार नाही, मग त्या सावलीत बाकीच्या जाती आणून लावाव्या लागतील.

ही मोजणी दोन माणसं एखाद्या दिवसात करू शकतात आणि तरीही सगळ्यात जास्त वेळा हीच वगळली जाते. उंच गवतात लपलेली गुडघाभर रोपं कुणाला दिसत नाहीत, साफसफाईच्या नावाखाली ती कापली जातात आणि मग त्याच जागी नर्सरीतून विकत आणलेली रोपं लावली जातात. खूप वाईट वाटतं असं बघताना.

पायरी २: तुकड्याचा आकार बघा आणि मग कुठून सुरू करायचं ते ठरवा

जंगलाच्या कडेला ऊन, वारा आणि कोरडेपणा आत शिरतो, तणाचं बी शिरतं, मोठी झाडं पडतात. कडेचा परिणाम १०० मीटर आतपर्यंत जातो असं धरून जरा हिशेब करून बघा. एक किलोमीटर बाय एक किलोमीटर चौरस तुकडा, म्हणजे १०० हेक्टर, त्याच्या चारी बाजूंनी १०० मीटर सोडले तर आत ८०० बाय ८०० मीटर, म्हणजे ६४ हेक्टर खरा गाभा उरतो. आता तेवढंच १०० हेक्टर क्षेत्र २०० मीटर रुंद आणि ५ किलोमीटर लांब पट्टीत असेल तर गाभा शून्य. कागदावर दोन्ही सारखेच.

म्हणून पैसा आणि माणसं मर्यादित असतील (असतातच) तर आधी असे भाग निवडा जिथे थोडं काम करून आकार सुधारतो: मोठ्या तुकड्यात घुसलेले लागवडीचे खाचे भरून काढणं, दोन तुकडे जोडणारी पट्टी, मोठ्या जंगलाला लागून असलेली कड. जंगलाला लागून असलेल्या भागात बी आपोआप येतं त्यामुळे खर्च पण कमी लागतो. सगळ्यांपासून दूर पडलेला छोटा तुकडा टाकून द्या असं मी म्हणत नाही, तिथे लागवड जास्त करावी लागेल एवढं मनात धरा. तमिळनाडूतल्या अन्नमलाईच्या डोंगरात, वालपराई पठारावर चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये अडकलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांवर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने गेली वीसहून जास्त वर्षं काम केलंय आणि तिथला अनुभव हाच आहे, की मोठ्या जंगलापासून लांब असलेल्या तुकड्यांना नुसतं सोडून दिलेल्यापेक्षा हाताने लागवड केल्याचा फायदा जास्त दिसतो.

ओढ्याकाठची पट्टी हा वेगळा विषय आहे. मलेशियाच्या सबा राज्यात मोठ्या ओढ्या-नद्यांच्या दोन्ही काठांना २० मीटर सोडायचा नियम आहे, पण तिथेच पाम लागवडीत पक्ष्यांवर झालेल्या अभ्यासात प्रत्येक काठाला ४० मीटर तरी जंगल असेल तर सलग जंगलातल्या नदीकाठाच्या जवळपास जाणारं पक्षीजीवन टिकतं असं दिसलं. नियम जेवढं सांगतो तेवढ्यावर थांबायचं की जास्त सोडायचं हा निर्णय नवीन लागवडीच्या वेळीच घेता येतो, म्हणजे पीक काढून पुन्हा लावायची वेळ आली की आधी काठावरच्या ओळी वगळून टाका. पामचं एक चक्र साधारण २५ वर्षांचं असतं, संधी हुकली तर पुढची पंचवीस वर्षांनी.

पायरी ३: अडथळे काढा

*आग.* कोरडा ऋतू असलेल्या भागात सगळ्यात आधी आग. एक आग पाच वर्षांचं काम एका दुपारी संपवते. उन्हाळा लागायच्या आधी जागेभोवती किमान ८ ते १० मीटर रुंद जाळरेषा साफ करा, उतारावर खालच्या बाजूला जास्त रुंद ठेवा कारण आग वर चढते, पाण्याच्या टाक्या आणि झोडपायच्या फांद्या-झोडपे जागेवर ठेवा, पहारा लावा. आणि आग कोण लावतं, कशासाठी लावतं ते विचारा. शिकारीसाठी, चाऱ्यासाठी, शेत साफ करण्यासाठी लावतात तेव्हा त्या माणसांशी बोलल्याशिवाय कुठलीही जाळरेषा पुरत नाही. याच लोकांच्या जमिनीवरच्या हक्कांचा प्रश्न शिल्लक असेल तर तो आधी मिटवा, लेखी मिटवा. पहाऱ्याचं, नर्सरीचं, निंदणीचं काम त्यांनाच पगारावर मिळालं तर जागा जपली जाते.

*गवत.* आशियात मोकळ्या जमिनीवर इम्पेराटा गवत माजतं. त्याचे जमिनीखालचे कोंब एवढे जोरदार असतात की कापलं की दुप्पट जोमाने वर येतं, शिवाय ते वाळलं की आगीला निमंत्रण. त्यावर फिलिपिन्समध्ये वापरात असलेला उपाय म्हणजे कापायचं नाही, आडवं पाडायचं. दीड मीटरभर लांब फळी, दोन्ही टोकांना दोर, दोर खांद्यावर, फळीवर पाय देत देत पुढे जायचं. गवत मीटरभर उंच झालं की हे करायचं, पावसाळ्यात जास्त चांगलं होतं. आडवं पडलेलं गवत आपल्याच सावलीत दबून राहतं, पुन्हा उभं व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मधली जंगली रोपं वर डोकं काढतात. अर्थात आधी प्रत्येक रोपाशेजारी रंगीत काठी रोवून ठेवायची, मगच फळी फिरवायची, आणि प्रत्येक रोपाभोवती अर्धा मीटर गोल मुळापासून निंदून घ्यायचा.

*वेली आणि परकी झाडं.* मिकानियासारखी वेल कोवळ्या झाडाला पूर्ण झाकून टाकते, ती हाताने सोडवून मुळासकट काढावी लागते कारण तोडलेला तुकडा ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतो. रानमोडी आणि घाणेरी बुंध्यापासून खणून काढा, पण सगळी एकदम काढून जमीन उघडी पाडू नका, जेवढ्या जागेत लगेच रोपं लावणार किंवा जपणार तेवढीच काढा. उघडी जमीन म्हणजे पुढच्या पावसात पुन्हा तेच तण. अकेशियाचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि आगीने तर त्याला कोंब फुटतात, त्यामुळे जुन्या अकेशियाच्या जागेवर पहिली काही वर्षं उगवलेली रोपटी उपटत राहणं हे नियमित काम समजायचं. आणि एक, सगळ्या वेली शत्रू नाहीत. जंगलाच्या मूळच्या वेली फळं देतात, माकडांना वाटा देतात, त्या फक्त जिथे कोवळी झाडं गुदमरतायत तिथेच कापायच्या, सरसकट नाही.

*पाणी.* पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थराची दलदल असेल आणि लागवडीसाठी चर खणून पाणी काढलेलं असेल तर चर बुजवल्याशिवाय एकही रोप लावू नका. कोरडं पीट जमिनीखालून जळतं आणि विझवणं फार कठीण असतं. चरात ठरावीक अंतरावर बांध घालून पाण्याची पातळी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये असं बघायचं (इंडोनेशियाच्या नियमात हाच आकडा आहे), पातळी मोजायला भोकं पाडलेले पाइप रोवून ठेवायचे आणि पाण्यात उभं राहू शकणाऱ्या जातीच निवडायच्या.

*रानडुकरं.* पाम प्लँटेशनच्या शेजारी हा अडथळा लोकांच्या लक्षातच येत नाही. पडलेल्या पामफळांवर डुकरांची संख्या वाढते, मग ती शेजारच्या जंगलात जातात, आणि मादी पिल्लं घालायच्या आधी शेकडो कोवळी रोपं तोडून त्यांचं घरटं रचते. मलेशियात पासोह इथल्या जंगलात २४ वर्षांच्या नोंदींमध्ये खालच्या थरातली कोवळी झाडं ६२ टक्क्यांनी कमी झालेली आढळली, आणि ते जंगल स्वतः तोडलेलं नव्हतं. त्यामुळे पडलेली फळं वेळेवर उचलणं हे प्लँटेशनच्या फायद्याचं आहेच, जंगलाच्याही फायद्याचं आहे. नव्या लागवडीला पहिली दोन-तीन वर्षं कुंपण घालता आलं तर घाला.

पायरी ४: उभ्या पिकाचं काय करायचं

जुनी निलगिरी, रबर किंवा पाम एका फटक्यात तोडायची घाई नको. उभी झाडं सावली देतात, गवताला रोखतात, पक्ष्यांना बसायला जागा देतात. रबराच्या किंवा निलगिरीच्या खाली आधीच जंगली रोपं आली असतील तर वरची झाडं टप्प्याटप्प्याने विरळ करत न्या, दर दोन-तीन वर्षांनी थोडी थोडी, आणि तोडताना खालची रोपं चिरडणार नाहीत अशा दिशेला पाडा. उतारावर आणि काठावर झाड ओढून बाहेर काढू नका, बुंध्याची साल गोल काढून उभं वाळू देणं बरं, ते हळूहळू मोडून पडतं आणि माती हलत नाही (पायवाटेजवळ मात्र हे करू नका, फांद्या पडतात).

पामच्या बाबतीत इंडोनेशियात सुमात्रा बेटावर जांबी प्रांतातला प्रयोग बघण्यासारखा आहे. २०१३ साली एका चालू पाम प्लँटेशनमध्ये ५२ ठिकाणी छोटी झाडांची बेटं केली, सगळ्यात लहान ५ बाय ५ मीटर, सगळ्यात मोठं ४० बाय ४० मीटर, आतले सुमारे ४० टक्के पाम काढून उजेड केला आणि स्थानिक झाडं लावली. काही वर्षांनी तिथलं जीववैविध्य वाढलेलं दिसलं आणि एकूण प्लँटेशनच्या उत्पादनाला फटका बसलेला दिसला नाही. मोठी बेटं जास्त उपयोगी ठरली. म्हणजे राखीव जमिनीबाहेरही, चालू पिकात, जागा करता येते. पण याने सलग जंगलाची जागा भरून निघत नाही, ते वेगळंच.

पायरी ५: पद्धत निवडा

मोजणीचा कागद समोर ठेवा. रोपं भरपूर असतील तर पायरी ३ मधलं काम चालू ठेवणं हीच पद्धत. मध्यम असतील आणि जंगल जवळ असेल तर बेटं करा: सगळीकडे न लावता ठिकठिकाणी गठ्ठ्यांनी लावायचं, मग त्या गठ्ठ्यात पक्षी येतात, बी टाकतात आणि बेटं पसरत जातात. दक्षिण कोस्टा रिकात २००४ पासून लावलेल्या अशा प्रयोगात सुमारे २० टक्के जागेतच झाडं लावूनही दहा-पंधरा वर्षांत नवी रोपं येण्याच्या बाबतीत पूर्ण लागवडीच्या तोडीस तोड परिणाम दिसला. फक्त मधल्या मोकळ्या जागेत गवत इतकं दाट नको की काही रुजणारच नाही, आणि बघणाऱ्याला ती जागा बरीच वर्षं अर्धवट वाटते हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी येऊन मधे पुन्हा पीक लावून जातं.

रोपं अगदीच कमी असतील तर पूर्ण लागवड, आणि त्यासाठी माझ्या मते चौकट-प्रजातींची पद्धत सगळ्यात भरवशाची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनात ती सुरू झाली आणि चियांग माईच्या गटाने ती आशियात आणली. वीस-तीस स्थानिक जाती मिसळून साधारण १.८ मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी ३,१०० च्या आसपास. दोन-तीन वर्षांत वर छत जुळतं, गवत मरतं, आणि पुढच्या जाती पक्षी-वटवाघळं आणतात. ही पद्धतसुद्धा जवळ कुठेतरी, काही किलोमीटरच्या आत, जुनं जंगल आणि बी आणणारे प्राणी शिल्लक असतील तरच पूर्ण चालते. नसतील तर जातींची संख्या खूप वाढवावी लागते.

पायरी ६: कुठल्या जाती

सगळं काम इथे जमतं किंवा फसतं. संदर्भ जंगलाच्या यादीतून निवडताना चार गट डोळ्यासमोर ठेवा.

लवकर वाढणाऱ्या, उन्हात टिकणाऱ्या, पसरट छत्रीच्या जाती, ज्या गवताला सावलीत घेतील. आग्नेय आशियात मॅकरँगा, इतरत्र तशाच तिथल्या स्थानिक जाती. या जाती जागेवर आपोआप येत असतील तर लावूच नका.

वड-उंबराच्या कुळातल्या जाती. लहान वयात फळ धरतात, वर्षात वेगवेगळ्या वेळी धरतात, जंगलात दुसरं काही पिकलेलं नसतं तेव्हा पक्षी, माकडं, वटवाघळं, उदमांजरं या फळांवरच जगतात. लागवडीतल्या दहा झाडांत एक तरी या कुळातलं असू द्या. मुळं खोल जातात म्हणून ओढ्याकाठी तर हमखास.

मोठ्या बियांच्या, सावकाश वाढणाऱ्या जाती. हा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लहान बी बुलबुल पण आणतो, पण अंड्याएवढं फळ गिळून लांब नेणारे धनेश, मोठी कबुतरं, हत्ती, तापीर हे तुकड्यातुकड्यांच्या जंगलातून आधी जातात. ते गेले की ही झाडं आपोआप कधीच येत नाहीत, कितीही वर्षं वाट बघा. माणसाने लावावीच लागतात अशी ही झाडं. सुरुवातीला थोडी लावा आणि सावली झाल्यावर जास्त.

चौथा गट म्हणजे संदर्भ जंगलातल्या दुर्मिळ आणि धोक्यात आलेल्या जाती. संख्या कमी असली तरी चालेल, पण एखादंच झाड लावून उपयोग नाही, परागीभवनासाठी त्याच जातीची काही झाडं जवळपास हवीत.

बाहेरची, दुसऱ्या देशातली, शोभेची, "लवकर वाढते म्हणून" अशी झाडं नकोत. फळझाडं लोकांसाठी लावायची असतील तर कडेला वेगळी पट्टी ठेवा.

पायरी ७: बी आणि नर्सरी

लावणीच्या निदान वर्ष-दीड वर्ष आधी सुरू करा. एका जातीचं बी एकाच मोठ्या झाडाखालून पोतंभर गोळा केलं की ती सगळी एकमेकांची भावंडं होतात आणि पुढच्या पिढीत कमजोरी येते. म्हणून जमेल तेवढ्या जास्त झाडांवरून, शक्य असेल तर २५-३० झाडांवरून, आणि एकमेकांपासून लांब असलेल्या झाडांवरून थोडं थोडं घ्या. प्रत्येक झाडाचं ठिकाण आणि फळायची तारीख वहीत. दोन-तीन वर्षांत ही वही तुमच्या भागाचं फळांचं कॅलेंडर होते आणि मग बी चुकत नाही.

वर्षावनातल्या बऱ्याच मोठ्या बिया वाळवल्या की मरतात, साठवता येत नाहीत. ओल्या पोत्यात आणून काही दिवसांत पेरायच्या. आग्नेय आशियातली डिप्टेरोकार्प (सालवृक्षाच्या कुळातली) झाडं तर काही वर्षांतून एकदाच सगळी मिळून फळतात, त्या वर्षी सगळी नर्सरी त्यांच्यासाठी मोकळी ठेवा, आणि मधल्या वर्षांत जंगलात आईझाडाखाली दाटीने आलेली १०-२० सेंटिमीटरची रोपं थोडी उचलून आणा. मुळांना माती ठेवून उचलायची, पानं अर्धी कापायची, काही आठवडे प्लास्टिकच्या बंद, दमट, सावलीच्या कप्प्यात ठेवायची. एकाच जागेवरची सगळी उचलू नका. रोपांच्या पिशवीत भरायच्या मातीत त्याच जंगलातली मूठभर माती टाका, या झाडांना मुळांवर बुरशीची सोबत लागते.

वड-उंबराचं बी मोहरीहून बारीक. फळ फोडून धुवायचं, वाळवून बारीक मातीवर नुसतं पसरायचं, वर माती टाकायची नाही, पाणी तुषाराने द्यायचं. फांद्या लावून सोपं पडतं हे खरं, पण मग सगळी एकाच झाडाची नक्कल.

पिशवीत मूळ गोल गोल फिरू लागलं की ते रोप पुढे वाऱ्यात पडतं, म्हणून तळ उघडे असलेले कप चांगले किंवा पिशव्या जमिनीपासून वर उचललेल्या मांडणीवर ठेवा. लावायच्या आधी दीड-दोन महिने सावली आणि पाणी हळूहळू कमी करत रोप उन्हाला सरावाचं करा. उंची ३० ते ५० सेंटिमीटर पुरे, याहून मोठं रोप दिसायला छान पण वाहून न्यायला अवघड आणि मरतं जास्त.

पायरी ८: लावणी

पाऊस नीट लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत. उशिरा लावलेल्या रोपाला मूळ खोल न्यायला वेळच मिळत नाही. आधी काठ्या रोवून जागा ठरवा, सरळ ओळी नकोत, आणि जिथे जंगली रोप आधीच आहे तिथे काठी रोवू नका. एकाच जातीची रोपं शेजारी शेजारी येणार नाहीत असं मिसळून लावा. खड्डा पिशवीच्या दुप्पट. जुने रस्ते, यंत्रांच्या वाटा, माल ठेवायच्या जागा इथली माती दगडासारखी घट्ट झालेली असते, तिथे खड्डा मोठा करून तळ कुदळीने फोडून घ्या. रोपाच्या मानेपर्यंतच माती, हलक्या पायाने दाबायची, भोवती ४०-५० सेंटिमीटर व्यासाचं गोल आच्छादन: पालापाचोळा, कापलेलं गवत, जाड पुठ्ठ्याची गोल चकती, काहीही चालेल, फक्त खोडाला चिकटू देऊ नका.

खूप झिजलेल्या मातीत सेंद्रिय पदार्थ काय करू शकतात याचं उदाहरण कोस्टा रिकात ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्रात आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी एका रस कारखान्यातली सुमारे १२,००० टन संत्र्याची सालं-चोथा तिथल्या ओसाड कुरणावर टाकली गेली आणि १६ वर्षांनी मोजलं तेव्हा न टाकलेल्या शेजारच्या जागेपेक्षा जमिनीवरचा जैवभार (म्हणजे झाडांचं एकूण वजन) १७६ टक्के जास्त भरला. प्लँटेशनकडे पामचे रिकामे घड, कॉफीची टरफलं, चहाचा चुरा असतोच. पण पाण्याजवळ ढीग नको, कीटकनाशकांचे अंश असलेला माल नको, आणि तिथल्या नियमांत बसतं का ते आधी विचारा.

पायरी ९: लावल्यानंतरची दोन-तीन वर्षं

बजेट बनवताना लावणीला जेवढे पैसे ठेवाल त्याहून जास्त या टप्प्याला ठेवा. पहिल्या दोन पावसाळ्यांत प्रत्येकी तीन-चार वेळा निंदणी, रोपाभोवती मुळापासून आणि मधे गवत आडवं पाडून. खत द्यायचं असेल तर निंदणीनंतर खोडापासून वीतभर लांब, गोलात. खोडाला लागून टाकलं तर जळतं, निंदायच्या आधी टाकलं तर गवत खातं. छत जुळलं की निंदणी थांबवा. तिथून पुढे सावलीत जे उगवतं त्यात तुम्हाला हवी असलेली जंगली रोपं असतात, सवयीने निंदत राहणारा माणूस तीच कापतो.

पायरी १०: प्राणी

रिओ दि जानेरोचं तिजुका जंगल एकोणिसाव्या शतकात कॉफीच्या मळ्यांनी संपवलं, शहराचं पाणी आटायला लागलं, आणि १८६१ पासून तिथे पुन्हा झाडं लावली. आज ते दाट जंगल आहे, पण बिया पुरणारे, वाहणारे प्राणी गेलेले होते, म्हणून दीडशे वर्षांनी अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी आणि नंतर हाउलर माकडं तिथे मुद्दाम आणून सोडावी लागली. झाडं आली म्हणजे जंगल पूर्ण झालं असं होत नाही. तुमच्या जागेवर प्राणी सोडणं हे वनखातं आणि तज्ज्ञांचं काम, पण शिकार थांबवणं, फासे शोधून काढणं, ढोलीची जुनी झाडं राखणं, रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या भिडतील अशी झाडं वाढू देणं किंवा माकडांसाठी दोरीचे पूल बांधणं, रात्रीची वाहनं कमी करणं, हे प्लँटेशनच्या हातात आहे.

पक्ष्यांसाठी बांबूचे आडवे दांडे रोवतात, त्याने बी पडतं हे नक्की, पण खाली गवत दाट असेल तर ते रुजत नाही, म्हणून दांड्याखालची जागा साफ ठेवणार असाल तरच रोवा.

पायरी ११: मोजत राहा

कायमचे प्लॉट आखा, कोपऱ्यांना टिकाऊ खांब, रोपांना नंबर. पहिला पावसाळा संपल्यावर, दुसरा संपल्यावर, मग दर दोन वर्षांनी. कुठली जात किती जगली, किती वाढली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे न लावलेल्या किती जाती आल्या. संदर्भ जंगलात आणि काहीच न केलेल्या तुकड्यातही तेच मोजा, नाहीतर बदल तुमच्या कामाने झाला की चांगल्या पावसाने हे कळत नाही. ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या दिशेला फोटो, पहाटेची पक्षीमोजणी, जमलं तर कॅमेरा ट्रॅप.

वरिष्ठांना लवकर निकाल हवा असतो, त्यांना आधीच सांगा की वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेगाने परत येतात. २०२१ साली सायन्स नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या, पुन्हा वाढलेल्या जंगलांत २० वर्षांत बहुतेक गुणधर्म जुन्या जंगलाच्या सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत पोचलेले होते. माती १० वर्षांच्या आत सावरते, जातींची संख्या साधारण ६० वर्षांच्या आत, पण जैवभार आणि जातींचं मूळचं मिश्रण यायला १२० वर्षांहून जास्त लागतात. म्हणूनच शिल्लक राहिलेला जुना तुकडा, कितीही छोटा आणि फाटका असो, तोडून "त्याबदल्यात दुसरीकडे लावू" हा सौदा कधीच मान्य करू नका.

पायरी १२: दुसरी फेरी

आठ-दहा वर्षांनी पहिली झपाट्याने वाढलेली झाडं म्हातारी होऊ लागतात, पडतात, छतात भोकं पडतात. त्याच्या साधारण दोन वर्षं आधी पुन्हा ५ मीटरची दोरी घेऊन सावलीत फिरा आणि मोठ्या बियांच्या जातींची किती रोपं आपोआप आली ते मोजा. आली असतील तर फक्त त्यांच्यावरच्या वेली काढा. नसतील तर सावलीत वाढणाऱ्या जाती आता लावा, गठ्ठ्यांनी, चार-पाच मीटर अंतरावर, आणि वर दाट झालेली एखादी फांदी छाटून त्यांना तिरपा उजेड मिळेल असं करा. यावेळी निंदणी जवळपास लागत नाही, पहिल्या वर्षी दोनदा वेली बघितल्या तरी पुरतं. नर्सरी मात्र तोपर्यंत चालू ठेवा, कारण या जातींचं बी हवं तेव्हा मिळत नाही, ज्या वर्षी फळ धरेल त्या वर्षीच पेरावं लागतं.